कलाचळवळी आणि अलंकरणशैली : नाशिकच्या परिसरातून एक ओळख

गॉथिक, बरोक, रोकोको, आर्ट नूवो, आर्ट डेको, क्यूबिझम, बाउहाउस ही नावे कलेच्या विद्यार्थ्यांना पाठ असतात आणि इतर वाचकांच्याही अधूनमधून कानांवर पडतात; परंतु एखाद्या इमारतीसमोर, भांड्यासमोर किंवा साडीच्या पदरासमोर उभे राहिल्यावर या नावांचा प्रत्यक्ष उपयोग फार थोड्यांना करता येतो. याचे एक कारण असे की ही नावे बहुधा कालक्रमाच्या तक्त्यात शिकवली जातात. अमुक शैली अमुक शतकातली, तिची चार लक्षणे ही, आणि तिच्यानंतरची शैली ती. अशा मांडणीत ती शैली मुळात का निर्माण झाली हा प्रश्न बाजूला पडतो आणि कारण माहीत नसल्यामुळे लक्षणेही ध्यानात राहत नाहीत. माझ्या मते शैली समजून घेण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे ती घडवणाऱ्यांच्या हाती कोणते साहित्य आणि कोणती हत्यारे होती, खर्च कोण करत होता आणि आधीच्या पिढीच्या कामातले त्यांना काय खटकत होते, हे पाहणे. नाशिक आणि आसपासच्या तालुक्यांत दोन हजार वर्षांची कारागिरी उघड्यावर उभी आहे; त्यामुळे युरोपातील शैलींची उकल करतानाही तुलनेसाठी येथील उदाहरणे हाताशी घेता येतात.

शैली आणि चळवळ

हे दोन शब्द अनेकदा एकमेकांऐवजी वापरले जातात, म्हणून आधी त्यांतला फरक पाहू. एखाद्या काळात, प्रदेशात किंवा कारागिरांच्या घराण्यात रूपाची जी ठेवण पुन्हा पुन्हा दिसते आणि डोळ्यांना ओळखता येते, ती शैली. ती घडवणाऱ्यांनी एकत्र बसून तसे ठरवलेले असतेच असे नाही. फ्रान्समधील बाराव्या शतकातील गवंड्यांनी आपण ‘गॉथिक’ बांधकाम करतो आहोत असे कधी म्हटले नाही. ते नाव पुढे इटलीतील प्रबोधनकाळातल्या टीकाकारांनी दूषण म्हणून रूढ केले. आर्ट डेको हे नावही त्या शैलीचा बहर ओसरल्यानंतर, १९६० च्या दशकात सर्वत्र प्रचलित झाले.

चळवळ ही जाणीवपूर्वक केलेली कृती असते. काही माणसे एकत्र येतात, प्रचलित रीत नाकारतात, प्रदर्शन भरवतात किंवा जाहीरनामा काढतात. पॅरिसमध्ये १८७४ साली नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत सुमारे तीस चित्रकारांनी स्वखर्चाने जे प्रदर्शन भरवले, ते याचे नमुनेदार उदाहरण आहे. सरकारमान्य वार्षिक प्रदर्शनात, म्हणजे ‘सालों’मध्ये, कोणती चित्रे लागावीत हे ठरवणाऱ्या परीक्षकांना हा उघड विरोध होता. क्लोद मोने यांच्या पहाटेच्या बंदराच्या चित्रावरून एका समीक्षकाने या मंडळींना थट्टेने ‘इंप्रेशनिस्ट’ म्हटले आणि तेच नाव चिकटले. या चित्रकारांचे फटकारे सुटे आणि रंग उजळ का होते, याचे एक कारण अगदी व्यावहारिक आहे. रंग भरून ठेवण्याची धातूची घडीची नळी १८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने शोधली होती. त्यामुळे घोटून तयार केलेला तैलरंग खिशात घालून नदीकाठी जाणे शक्य झाले आणि बदलत्या उजेडात भराभर रंगवण्याची गरज पडली. दुसरीकडे १८३९ पासून छायाचित्रणाचा प्रसार सुरू झाला होता, त्यामुळे हुबेहूबपणा ही चित्रकाराची मक्तेदारी उरली नव्हती.

अलंकरणशैलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. चित्र भिंतीवर टांगले जाते आणि त्यावर चित्रकाराची सही असते. काठ, जाळी, खांब, समई किंवा दाराची चौकट मात्र वापरात असते आणि बहुतेक वेळा निनावी असते. ललित कला वरची आणि उपयोजित कला खालची हा भेद युरोपातील अकादमींनी पक्का केला आणि एकोणिसाव्या शतकात तो आपल्याकडच्या कलाशिक्षणातही आला. आपल्या पाथरवट, सुतार, तांबट आणि कोष्टी यांच्या कामाकडे पाहताना हा भेद बाजूला ठेवलेला बरा, असे मला वाटते, कारण शैलींचा प्रवास सर्वांत स्पष्ट दिसतो तो याच कामांत.

दगडात टिकलेले लाकूड

नाशिकच्या दक्षिणेला त्रिरश्मी डोंगरात खोदलेली चोवीस लेणी पांडवलेणी म्हणून ओळखली जातात. त्यांतील अठराव्या क्रमांकाच्या चैत्यगृहाचा, म्हणजे बौद्धांच्या प्रार्थनागृहाचा, दर्शनी भाग नीट पाहिला तर दारावरच्या नालाकृती कमानीत वाशांची टोके कोरलेली दिसतात आणि वर वेदिकेच्या, म्हणजे लाकडी कठड्याच्या, पट्ट्या दिसतात. अखंड कातळात खोदलेल्या लेण्याला वाशांची गरज नसते आणि कठड्याचीही नसते. त्या काळातील लाकडी चैत्यगृहे आज उरलेली नाहीत. परंतु पाथरवटांच्या आणि दात्यांच्या मनात पवित्र वास्तूचे रूप लाकडी इमारतीचेच होते, म्हणून दगडातही तेच कोरले गेले. याच दर्शनी भागावर धंभिक नावाच्या गावाने दिलेल्या दानाची नोंद कोरलेली आहे. या अलंकरणाचा खर्च करणाऱ्यांत एक अख्खे गाव होते.

ही रीत जगभर आढळते. ग्रीक मंदिरांच्या डोरिक शैलीत खांबांवरच्या पट्टीत तीन उभ्या रेघांचे ठोकळे ओळीने येतात. ते मूळच्या लाकडी तुळयांच्या टोकांवरून आले, असे विट्रुव्हियस या रोमन वास्तुतज्ज्ञाने दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे. साहित्य बदलले तरी डोळ्यांची सवय मागे राहते आणि पूर्वीची बांधकामाची गरज पुढच्या पिढीची नक्षी होते. अलंकरणाच्या इतिहासातली कितीतरी कोडी या एका सूत्राने सुटतात, आणि मी विद्यार्थ्यांना पहिली भेट पांडवलेण्यांची द्यायला सांगतो ती याचसाठी.

त्याच डोंगरातील दहावे आणि तिसरे ही दोन विहारलेणी, म्हणजे भिक्षूंच्या निवासाची लेणी, एकापाठोपाठ पाहिली, तर शैली राजकीय वैराला जुमानत नाही हेही दिसते. दहावे लेणे क्षहरात घराण्यातील क्षत्रप, म्हणजे शक राज्यकर्ता, नहपान याचा जावई उषवदात याने दिलेले आहे; तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्री हिचा प्रसिद्ध लेख आहे आणि त्यात तिचा पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याने क्षहरातांचा निःपात केल्याचे अभिमानाने सांगितले आहे. तरीही सातवाहनांच्या लेण्याची आखणी आणि ओसरीतील खांबांची कल्पना शत्रूच्या लेण्याच्या अगदी जवळची आहे. दोन्हीकडे खांबांच्या माथ्यावर पाठीला पाठ लावून बसलेले प्राणी आहेत. फरक तपशिलात आहे. दहाव्या लेण्यातील घंटाकार स्तंभशीर्षे अधिक डौलदार आहेत. तिसऱ्यात ती काहीशी आखडलेली वाटतात, पण दाराची चौकट आकृत्यांनी भरून गेली आहे आणि ओसरीच्या खाली भार पेलणारे गण कोरलेले आहेत. एकाच डोंगरात, थोड्याच वर्षांच्या अंतराने, एका शैलीत भर कुठे पडते आणि जोम कुठे कमी होतो हे शेजारी शेजारी पाहण्याची अशी संधी क्वचित मिळते.

सिन्नरचे शिखर आणि गॉथिकची कमान

सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर यादवकालीन आहे. मध्ये शिवाचे मुख्य मंदिर आणि चार कोपऱ्यांना चार लहान देवळे, अशी त्याची पंचायतन मांडणी आहे. त्याचे शिखर भूमिज शैलीचे आहे. ही शैली ओळखण्याची खूण सोपी आहे : शिखराच्या चारही बाजूंच्या मध्यावरून एकेक नक्षीदार उभा पट्टा, ज्याला लता म्हणतात, थेट वरपर्यंत जातो आणि दोन पट्ट्यांमधल्या जागेत लहान लहान शिखरांच्या ओळी एकावर एक रचलेल्या असतात, त्या वर जाताना आकाराने कमी होत जातात. १०६० सालचे अंबरनाथचे शिवमंदिर याच कुळातले आहे आणि माळव्यातही या शैलीची मोठी मंदिरे आहेत. एकच आकार लहान करत पुन्हा पुन्हा रचून मोठा आकार साधणे, हा येथील सौंदर्याचा पाया आहे. उंच शिखर हे जणू अनेक लहान मंदिरांनी मिळून बनलेले आहे.

साधारण त्याच शतकांत, ११४० च्या दशकात, पॅरिसजवळच्या सें-दनी या मठाच्या चर्चचा पूर्वभाग नव्याने बांधला गेला आणि गॉथिक शैलीची सुरुवात तेथून मानली जाते. मठाधिपती सुजेर यांना देवघर उजेडाने भरलेले हवे होते. परंतु दगडी छताचा भार जाड भिंतींवर पडत असल्यामुळे मोठ्या खिडक्या काढता येत नव्हत्या. टोकदार कमान, छताला आधार देणाऱ्या दगडी फासळ्या आणि पुढे भिंतीबाहेरून रेटा देणारे कमानदार धीरे या उपायांनी छताचा भार भिंतीवरून ठरावीक बिंदूंवर नेता आला. भिंत मोकळी झाली आणि तिच्या जागी रंगीत काच आली. गॉथिकची सगळी ओळखलक्षणे, म्हणजे उंची, टोकदारपणा आणि रंगीत काचेचे विशाल झरोके, ही या एका अडचणीच्या उत्तरातून निघालेली आहेत.

गोंदेश्वरच्या स्थपतीसमोर ती अडचण नव्हती. मंदिराचा गाभारा काळोखाच हवा होता. खांबावर तुळई टाकण्याची आणि दगडाचे थर थोडे थोडे पुढे सरकवत छत मिटवण्याची पद्धत तो वापरत होता. त्यात भिंत जाड आणि भक्कम राहते. म्हणून त्याची सारी कला भिंतीच्या बाह्यांगावर आली. तिथे कोन पाडून सावल्या निर्माण केल्या, आडवे थर दिले आणि मूर्ती कोरल्या. आपल्याकडच्या कठीण काळ्या बसाल्टमध्ये संगमरवरासारखे बारीक काम कष्टाचे असल्यामुळे उन्हात खोल पडणारी सावली हेच येथील नक्षीचे मुख्य साधन ठरले. सकाळी उन्हे तिरपी असताना हे मंदिर पाहावे, असा माझा आग्रह असतो, कारण भर दुपारी निम्मे काम डोळ्यांना दिसत नाही.

गॉथिकचा पुढचा अध्याय आपल्याला मुंबईत दिसतो. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या आराखड्याप्रमाणे १८७८ ते १८८८ या काळात बांधलेले, आज छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणून ओळखले जाणारे स्थानक गॉथिक पुनरुज्जीवनाच्या शैलीत आहे. येथे टोकदार कमान ही बांधकामाची निकड राहिलेली नव्हती. लोखंडी तुळया उपलब्ध होत्या. ती आता प्रतिष्ठेची खूण होती. स्थानिक दगड, स्थानिक पानाफुलांचे नमुने आणि मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी केलेले कोरीवकाम यांमुळे ती खूणही मूळच्या फ्रेंच किंवा इंग्रजी रूपाहून वेगळी झाली. पुनरुज्जीवन ओळखताना हेच पाहावे की रूप तेच असले तरी त्याची मूळ गरज संपलेली आहे काय.

वाड्यातील सुरूचे खांब

सराफ बाजारालगतचा सरकारवाडा हा नाशिकमधील पेशवेकालीन लाकूडकामाचा सर्वांत सहज पाहता येणारा नमुना आहे. येथे आणि जुन्या गावातल्या शिल्लक वाड्यांत सुरूच्या झाडासारखे, तळाशी फुगीर आणि वर निमुळते होत जाणारे खांब, त्यांच्या मधल्या अनेक पाकळ्यांच्या महिरपी, आणि महिरपीच्या कोपऱ्यांतून लोंबणारी केळफुले दिसतात. ही सारी ठेवण मुघल दरबारातून आली. शहाजहानच्या इमारतींत हा फुगीर खांब बादशहाच्या बैठकीच्या जागी वापरला जाई, आणि अभ्यासकांनी दाखवून दिले आहे की त्या खांबामागे युरोपातून दरबारात आलेल्या छापील चित्रांचाही वाटा होता. म्हणजे जर्मन किंवा फ्लेमिश छापील चित्रातला खांब आग्र्याला संगमरवरात घडला, तेथून राजस्थान व दख्खनच्या दरबारांत गेला आणि शेवटी गोदाकाठच्या सुताराने तो सागवानात उतरवला. या प्रवासात कोणीही जाहीरनामा काढला नाही. सरदारांना दरबारी थाट हवा होता आणि सुतारांकडे कौशल्य होते, एवढे कारण पुरेसे ठरले.

चांदवडचा होळकरांचा रंगमहाल याच परंपरेतला. तेथे लाकूडकामाबरोबर भिंतीचित्रेही आहेत. १७५६ मध्ये बांधलेल्या सुंदरनारायण मंदिरात कमानी आणि घुमटाकार छते हिंदू मंदिराच्या आखणीत सहज मिसळून गेली आहेत. अशा इमारतींना ‘मिश्र शैली’ म्हणून दुय्यम ठरवण्याची सवय आपल्या पाठ्यपुस्तकांना आहे आणि ती मला अन्यायाची वाटते. शुद्ध शैली ही बहुधा पुस्तकातच सापडते.

या शतकात आणि त्याच्या आधीच्या शतकात युरोपात काय चालले होते, ते थोडक्यात सांगता येईल. सतराव्या शतकातील बरोक शैली ही राजसत्ता आणि कॅथलिक चर्च यांच्या वैभवाची शैली होती : भव्यता, वळणदार हालचाल आणि उजेड-अंधाराचे नाट्य. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या मृत्यूनंतर, १७१५ पासून, फ्रेंच उमराव व्हर्सायच्या राजवाड्यातून पॅरिसमधल्या लहान दालनांकडे वळले आणि त्या दालनांसाठी शिंपल्यांच्या व वेलींच्या हलक्या, फिकट, असमतोल नक्षीची रोकोको शैली बहरली. पुढे हर्क्युलेनियम आणि पाँपेई येथील उत्खनने अनुक्रमे १७३८ आणि १७४८ मध्ये सुरू झाली, प्राचीन रोमन घरे प्रत्यक्ष डोळ्यांसमोर आली, आणि रोकोकोला विटलेल्या पिढीने सरळ रेषांची नवअभिजात शैली स्वीकारली.

यंत्र आले तेव्हा

अलंकरणाच्या इतिहासातला सर्वांत मोठा वाद यंत्राने उभा केला. लंडनमध्ये १८५१ साली जोसेफ पॅक्स्टन यांच्या काचेच्या आणि लोखंडाच्या प्रासादात जगभरच्या मालाचे महाप्रदर्शन भरले. कारखान्यांत तयार झालेल्या वस्तूंवर नक्षी स्वस्त झाली होती आणि म्हणून ती सर्वत्र थापलेली होती. गालिच्यांवर छायाप्रकाशासह हुबेहूब गुलाब विणलेले होते, जणू माणसाने फुलांच्या उंचवट्यांवरून चालावे. त्याच प्रदर्शनातील भारतीय कापड आणि धातुकाम पाहून ओवेन जोन्स यांच्यासारखे जाणकार प्रभावित झाले, कारण त्यात नक्षी पृष्ठभागाशी इमान राखून सपाट राहत होती आणि रंग एकमेकांशी तोललेले होते.

हा मुद्दा समजून घ्यायला नाशिक जिल्ह्यातील येवल्याची पैठणी सर्वांत उपयोगी आहे. पैठणीच्या पदरावरचा मोर, मुनिया, कमळ किंवा आसावलीची वेल ही भरतकामासारखी वरून चढवलेली नसते. प्रत्येक रंगाच्या आडव्या धाग्याची वेगळी कांडी असते. विणकर रंगाच्या सीमेपर्यंत तो धागा नेऊन शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवतो आणि परत फिरवतो. त्यामुळे नक्षी हेच कापड असते आणि अस्सल हातमागाच्या पैठणीची उलटी बाजूही जवळजवळ सुलट्या बाजूसारखी दिसते. या पद्धतीत गोलाई हवी तशी काढता येत नाही. ती लहान लहान पायऱ्यांनी साधावी लागते. पैठणीच्या मोराला जो ठसठशीत, काहीसा भौमितिक बांधा आहे तो या बंधनातून आलेला आहे. छापील नकलेतला मोर अधिक लवचीक असतो, पण त्याचा हा बांधा हरवलेला असतो, आणि नजर सरावली की उलटी बाजू न पाहताही फरक कळू लागतो.

इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिस यांनी हाच आग्रह चळवळीच्या रूपाने मांडला. १८६१ मध्ये त्यांनी मित्रांबरोबर घरसामान, रंगीत काच आणि कापड बनवणारी पेढी काढली. कारागिराला यंत्राचा चाकर केल्याने वस्तूही कुरूप होते आणि माणूसही खचतो, म्हणून रचना करणारा आणि हाताने काम करणारा यांच्यातली फूट मिटली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. ‘आर्ट्स अँड क्राफ्ट्स’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या चळवळीत शैलीपेक्षा श्रमाचा विचार मोठा आहे. मॉरिस यांनी निळीची जुनी छपाई पुन्हा शिकून घेतली : कापड आधी पूर्ण निळीत बुडवायचे आणि मग ठशांनी नक्षीपुरता रंग काढून टाकायचा. परिणाम अप्रतिम झाला, पण कापड इतके महाग पडले की ज्या सामान्य माणसासाठी हा सारा खटाटोप होता त्याला ते परवडेना. हाताचे काम आणि परवडणारी किंमत यांतला हा ताण येवल्याच्या मागावर आजही तसाच आहे.

या विचारांचे पडसाद मुंबईत उमटले. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या जे. जे. कलाशाळेत जॉन लॉकवुड किपलिंग १८६५ मध्ये शिक्षक म्हणून आले; त्यांना भारतीय कारागिरीचे मोल होते. तरी शाळेचा मुख्य भर होता तो युरोपीय अकादमीच्या वास्तववादावर, म्हणजे छायाप्रकाश, शरीररचना आणि यथार्थदर्शन यांवर. त्र्यंबकेश्वरला १८७० मध्ये जन्मलेले दादासाहेब फाळके १८८५ मध्ये याच शाळेत दाखल झाले. पुढे त्यांनी राजा रविवर्मा यांच्या मुद्रणालयासाठीही काम केले. १८९४ मध्ये सुरू झालेल्या त्या मुद्रणालयाने अकादमीच्या शैलीतले देवदेवतांचे रंगीत छाप घरोघरी पोहोचवले आणि लक्ष्मी किंवा सरस्वती कशी दिसते याची मराठी मनातली प्रतिमाच ठरवून टाकली. फाळक्यांनी नाशिकला चित्रपटनिर्मिती केली तेव्हा त्यांच्या पौराणिक पात्रांची बैठक, वस्त्रे आणि मागचे रंगवलेले पडदे या छापांच्या जवळचे होते. एक शैली कॅनव्हासवरून शिळाछापावर आणि तेथून चित्रपटाच्या पडद्यावर कशी गेली, याचे हे आपल्या घरचे उदाहरण आहे. कोलकात्यात मात्र चित्रकार अवनींद्रनाथ ठाकूर आणि तेथील सरकारी कलाशाळेचे प्रमुख ई. बी. हॅवेल यांच्या भोवती जमलेल्या चित्रकारांनी याच वास्तववादाला परकीय ठरवून अजिंठा, मुघल लघुचित्रे आणि जपानी चित्रकला यांच्याकडे पाहिले. ती बंगाल शैली खऱ्या अर्थाने चळवळ होती, कारण तिच्यामागे स्वदेशीचा स्पष्ट निर्णय होता.

नाशिकरोडला १९२० च्या दशकात सुरू झालेल्या सरकारी मुद्रणालयांचाही येथे उल्लेख करायला हवा. नोटेवर आणि मुद्रांकावर एकमेकांत गुंतलेल्या बारीक वक्ररेषांची जी जाळी असते, तिला गिलोश म्हणतात. ती मुळात घड्याळांवर आणि डब्यांवर यंत्राने कोरली जाणारी शोभेची नक्षी होती. हाताने तिची नक्कल जवळजवळ अशक्य असल्यामुळे ती नोटांच्या सुरक्षिततेसाठी वापरली जाऊ लागली. नक्षी निरुपयोगी असते असे म्हणणाऱ्यांनी खिशातली नोट भिंगातून पाहावी.

वेल, किरण आणि पोलादी नळी

ब्रसेल्समध्ये १८९३ च्या सुमारास व्हिक्टर होर्ता यांनी बांधलेल्या तासेल यांच्या घरात लोखंडी खांब उघडा ठेवलेला आहे आणि त्याच्या माथ्यावरून लोखंडी वेली फुटतात. त्याच वेली पुढे जमिनीवर, भिंतींवर आणि कठड्यावर पसरतात. एक्तोर गिमार यांची १९०० च्या सुमाराची पॅरिस मेट्रोची प्रवेशद्वारे याच ठेवणीची आहेत. आर्ट नूवो म्हणतात ती ही शैली. जुन्या शैलींची उसनवारी थांबवून निसर्गाच्या वाढीतून नवे अलंकरण काढायचे, आणि लोखंडाला दगडाचे सोंग न देता त्याच्या लवचीकपणाचा उपयोग करायचा, हा तिचा हेतू होता. जपानी छापचित्रांतील वळणदार रेषेचा तिच्यावर खोल परिणाम आहे. पहिल्या महायुद्धापर्यंत तिचा जोर ओसरला, कारण प्रत्येक वळण वेगळे घडवावे लागे आणि ते खर्चिक होते.

१९२५ मध्ये पॅरिसला भरलेल्या अलंकरणकलांच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनातून जी शैली जगभर पसरली ती आर्ट डेको. येथे वेलीऐवजी किरण, पायऱ्या, नागमोडी पट्टे आणि जहाजासारखी गोलाई आली. १९२२ मध्ये तुतनखामेनची कबर सापडल्याने इजिप्तचे नमुने लोकप्रिय झाले होते, क्यूबिझमने आकार कोनांत फोडून दाखवले होते आणि मोटार, विमान, आगबोट ही वेगाची नवी दैवते होती. मुंबईत मरीन ड्राइव्ह, ओव्हल मैदानाची पश्चिम बाजू, रीगल आणि इरॉस ही चित्रपटगृहे या शैलीची आहेत; ओव्हलच्या दोन बाजूंचा व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको समूह २०१८ मध्ये जागतिक वारसा ठरला. आर्ट डेको आपल्याकडे इतकी रुजली याचे मुख्य कारण सिमेंट काँक्रीट हे आहे. त्यात भिंतीबाहेर तरंगणारा सज्जा, कोपऱ्यावर वळणारी बाल्कनी आणि खिडकीवरची पापणीसारखी पट्टी सहज ओतता येते, आणि या तिन्ही गोष्टी आपल्या उन्हापावसात उपयोगाच्या आहेत. नाशिकमध्ये स्वातंत्र्याच्या आसपास बांधलेल्या जुन्या दुमजली घरांत उगवत्या सूर्याची लोखंडी जाळी, अर्धगोल बाल्कनी आणि दर्शनी भागावरच्या तीन समांतर रेघा आजही दिसतात. वाडा, मंदिर आणि लेणे यांची दखल घेतली जाते. ही घरे मात्र कोणत्याही यादीत नसल्यामुळे पुनर्विकासात सर्वांत आधी पडतात, याची मला खरोखर चिंता वाटते. निदान त्यांच्या जाळ्यांची छायाचित्रे तरी घेऊन ठेवावीत.

आर्ट डेकोने यंत्रयुगाचे रूप घेतले, तर जर्मनीतील बाउहाउस या शाळेने यंत्राची रीतच स्वीकारली. वॉल्टर ग्रोपियस यांनी १९१९ मध्ये वायमार येथे काढलेली ही शाळा नाझींच्या दडपणामुळे १९३३ मध्ये बंद पडली. मॉरिस यांच्याप्रमाणे कलाकार आणि कारागीर यांना एकत्र आणणे हाच तिचाही हेतू होता, पण निष्कर्ष उलटा होता : चांगली वस्तू स्वस्तात मिळायची असेल तर ती यंत्रासाठीच रचली पाहिजे. मार्सेल ब्रॉयर यांनी १९२५ च्या सुमारास सायकलच्या वाकवलेल्या हँडलवरून सुचलेली पोलादी नळीची खुर्ची केली, आणि आज कचेऱ्यांत व दवाखान्यांत दिसणाऱ्या नळीच्या खुर्च्या तिच्याच वंशातल्या आहेत. या शाळेतील चित्रकारांच्या कामाचे प्रदर्शन १९२२ मध्येच कोलकात्यात झाले होते.

चित्रकलेतील विसाव्या शतकाच्या चळवळींवर स्वतंत्र लेख लिहावा लागेल. येथे एवढेच नोंदवतो की मुंबईत १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी स्थापलेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपने अकादमीचा वास्तववाद आणि बंगाल शैलीची भावविवशता या दोन्ही गोष्टी नाकारल्या. त्यांच्या चित्रांतले मोडलेले आकार आणि भडक रंग पाहताना युरोपीय प्रभावाइतकाच हा दुहेरी नकारही लक्षात ठेवावा लागतो.

वारली चित्र : शैली की चळवळ?

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडील आदिवासी पट्ट्यात आणि पालघर भागात आढळणारी वारली चित्रकला या सगळ्या वर्गीकरणाची कसोटी घेते. लग्नप्रसंगी सुवासिनींनी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने काढलेला चौक हे तिचे मूळ स्थान आहे. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी असते. मानवी शरीर दोन त्रिकोणांनी बनते, टोके जुळवून, आणि केवळ त्या टोकाच्या तिरकेपणातून नाच, ओझे किंवा धाव दाखवली जाते. तिचे व्याकरण इतके पक्के आहे की शैलीची कोणतीही व्याख्या तिला लागू पडते.

१९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रोत्साहनाने हीच चित्रे कागदावर आली आणि वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी ती लग्नविधीपासून वेगळी काढून रोजच्या जगण्याची, मासेमारीची, शेतीची आणि कथांची चित्रे केली. पूर्वी हे काम स्त्रियांचे होते. आता एक पुरुष सही करून चित्र काढू लागला, चित्राला किंमत आली आणि पाहणारा शहरातला झाला. मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. साहित्य, खर्च करणारा आणि हेतू, हे सारे एका पिढीत बदलले, आणि तरीही आकारांची भाषा तीच राहिली. आज नाशिकच्या कुंपणभिंतींवर आणि हॉटेलांच्या दालनांत जी वारली नक्षी रंगवली जाते, ती बहुतेक वेळा तारपानृत्याच्या, म्हणजे तारपा या फुंकवाद्याच्या सुरांवरील नाचाच्या, गोलाची पुनरावृत्ती असते आणि त्यात चौक कुठेच नसतो. मशे यांच्या चित्रात आकृत्यांच्या मधली मोकळी जागाही हलत असते, कारण लहानमोठ्या रेघांनी ती भरलेली असते; भिंतीवरच्या नक्षीत ती जागा रिकामी राहते. दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्यास हा फरक कोणालाही दाखवता येतो, आणि शाळांमधून वारली शिकवताना त्रिकोण जोडण्याबरोबरच ही मधली जागा भरायलाही शिकवले पाहिजे.